उजवा खांदा

बिलियर्डचं टेबल मला आधी खांद्यानं कळलं, खेळ त्यानंतर. मी तेव्हा उस्मानाबादच्या अडत बाजारात हमाली करत होतो. निजामाच्या अमलात अंमलदारांसाठी काढलेला एक क्लब गावात होता. विलीनीकरणानंतर त्याची इमारत एका कचेरीला लागली आणि क्लबला मागच्या अंगाच्या दोन खोल्या उरल्या. खुर्च्या, कपाटं, टेनिसची जाळी शिपायांनी हलवली. टेबल त्यांना हलेना. वरची हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, काढल्यावर खाली काळ्या दगडाच्या पाच लाद्या निघाल्या. तेव्हा आमच्या मुकादमाला निरोप आला आणि टोळी गेली.

एका लादीला चार माणसं लागली. दोर, दोन वासे आणि खांद्यावर गोणपाटाची घडी. अंतर दीडशे पावलांचं असेल. त्या दीडशे पावलांत क्लबचा मार्कर प्रत्येक लादीबरोबर चालत होता. मार्कर म्हणजे टेबलाची निगा राखणारा, खेळाचे गुण पुकारणारा आणि साहेबांना जोडीदार नसला तर त्यांच्याशी खेळणारा पगारी माणूस. हे सत्तरीचे होते. दाढीला मेंदी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लादीवर हात ठेवून चालत होते.

“हल्लू, बेटे, हल्लू. टूटी तो हैदराबादमें बी नै मिलती.”

“चाचा,” वाशाखालून माझे जोडीदार म्हणाले, “आमची हाडं मोडली तर कुठं मिळत्यात, ते बी सांगून ठेवा.”

टोळी हसली. चाचा हसले नाहीत.

लाद्या पोचल्या, टेबल उभं राहिलं, पण ते समतल होईना. टेबलाचा एक पाय उचलून खाली लाकडाची पातळ पाचर सारायची होती. उचलायला यंत्र नव्हतं. मी खाली ओणवा होऊन पाठीनं कोपरा उचलला आणि चाचांनी चाचपडत पाचर सारली. मग त्यांनी एक चेंडू माझ्या हातात दिला आणि बनातीवरून सोडायला सांगितला.

“किधर जाता?”

“डावीकडं सरकतोय.”

“कितना?”

“बोटभर.”

त्यांनी पुन्हा मला खाली घातलं. त्या दिवशी अकरा वेळा मी पाठ लावली. नवी फरशी दबत होती, म्हणून पुढचे आठ दिवस काम संपल्यावर रोज बोलावलं. चेंडू कुठं सरकतो हे त्यांना दिसत नव्हतं. ते मी सांगायचं. आठव्या दिवशी चेंडू सरळ गेला. त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आता हातानं नाही, हिनं ढकल.

माझी तेव्हाची परिस्थिती थोडक्यात अशी. मी सातवीपर्यंत उर्दूतून शिकलो होतो. घरात दख्खनी, रस्त्यावर मराठी, शाळेत उर्दू अशी वाटणी होती आणि ती कोणाला अवघड वाटत नव्हती. अब्बा तहसिलीत चपराशी होते. पोलीस ॲक्शननंतरच्या नव्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. कचेऱ्यांची भाषा बदलली आणि माझ्या सातवीच्या कागदाला कोणी विचारेना. अठराव्या वर्षी मी पोत्याखाली गेलो. यात तक्रार नाही. त्या वर्षांत गावातल्या पुष्कळ घरांत हेच झालं. पण बाजारात मी रोज चाळिशीची माणसं पाहत होतो. त्यांची मान एका अंगाला गेलेली असे आणि भाकरीचा घास तोंडाकडं नेताना हात हलत असे. मला त्यांच्यासारखं व्हायचं नव्हतं. दुसरं काय व्हायचं, ते माहीत नव्हतं.

टोळीत जोडीनं काम चालायचं. अडीच मणाचं पोतं गाडीवरचे दोघं खांद्यावर चढवून देत. ते घेऊन गोदामात जायचं आणि थप्पीला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. जोडीतला एक पोतं घेऊन चढत असला की दुसरा रिकामा उतरत असे. म्हणजे प्रत्येक खेपेला जोडीदाराची गाठ फळीच्या मध्यावर पडायची. फळी दोन माणसांपुरतीच रुंद. त्यासाठी एक नियम होता. चढणाऱ्यानं उजव्या कडेनं चढायचं आणि पोतं उजव्या खांद्यावर घ्यायचं, म्हणजे पोत्याचा फुगवटा फळीच्या बाहेर राहतो. उतरणारा त्याच्या डाव्या अंगानं निघून जातो. उतरणारा वर बघत नाही. पायाखाली बघतो. समोरच्याचं पोतं कुठं आहे हे त्याला बघावं लागत नाही, कारण ते चढणाऱ्याच्या उजव्या खांद्यावरच असतं.

दुसरा नियम आजारपणाचा. जोडीतला एक पडला तर त्याची पोती दुसऱ्यानं वाहायची. तो वाहतो तोवर पडलेल्याचं नाव टोळीत राहतं आणि त्याचा वाटा त्याच्या घरी जातो. दुसऱ्यानं सोडलं की नाव जातं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं आणि कोणी मोडलेलं मी पाहिलं नव्हतं.

माझे जोडीदार तेरखेड्याकडचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणे. त्यांच्या घरी शोभेची दारू करायचं काम होतं. त्यात थोरल्या भावाचा पंजा गेला, तेव्हा त्यांनी ते सोडून पोतं धरलं. “पोतं काय फुटून अंगावर येत न्हाय,” असं ते म्हणत. त्यांना तीन मुलं होती.

क्लबमध्ये मी जायला लागलो ते टेबल बघायला म्हणून. बाजार चारला उलगडायचा. साहेब लोक सहाच्या आधी येत नसत. मधले दोन तास टेबल मोकळं असे. चाचांना दिसत नव्हतं, पण ऐकू नीट येत होतं. चेंडू चेंडूवर कसा बसला हे ते आवाजावरून सांगत. मी मारायचं, त्यांनी खुर्चीवरून बोलायचं.

“मोटा लगा. पतला मार.”

मी पातळ मारत असे.

“अब बहुत पतला. बाल काटता क्या?”

तीन चेंडू, दोन पांढरे आणि एक लाल. आपल्या पांढऱ्यानं दुसरे दोन्ही शिवले की दोन गुण, लाल जाळीत घातला की तीन. चूक झाली की पाळी दुसऱ्याची. खेळ एवढाच. त्याला ताकद लागत नाही. पुढचा डावा हात बनातीवर टेकलेला असतो आणि उजवा कोपरापासून झोपाळ्यासारखा हलतो. सगळं त्या उजव्या हातावर. वर्षभरात मी चाचांच्या सांगण्याच्या पुढं गेलो. हे ते स्वतः म्हणाले. मी म्हणत नाही.

टोळीला कळायला वेळ लागला नाही. माझं नाव ‘साहेब’ पडलं. दादा एकदा खिडकीतून बघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीवर सगळ्यांना सांगितलं, “येवढं मोठं टेबल, चार खाटा मावतील. अन् त्याच्यावर जेवायला काय न्हाय. नुसती तीन बोरं.”

“मग आमचे सायेब काय करत्यात?” एकानं विचारलं.

“बोरं ढकलत्यात. लई झाक ढकलत्यात. म्या बघितलं की. एक बोर असं गेलं, त्याला शिवलं, ह्याला शिवलं, अन् येऊन गुमान जागेवर बसलं. आपल्या पोरांनी येवढं ऐकलं असतं तर!”

अडचण एकच होती. साठ-सत्तर पोती वाहिल्यावर उजवा हात थरथरायचा. तास-दीड तास. काठी धरली की टोक सुईसारखं हलायचं. चाचांना ते दिसत नव्हतं, पण काठीचं टोक चेंडूला लागण्याआधी अंगठ्यावर घासतं, तो आवाज त्यांना यायचा. ते म्हणायचे, हात आज बाजारातच राहिला वाटतं.

म्हणून मी पोतं डाव्या खांद्यावर घ्यायला लागलो. गाडीपासून गोदामाच्या दारापर्यंत कुठल्याही खांद्यावर घेतलं तरी चालायचं. दारात, फळीच्या पायथ्याशी, झोका देऊन उजव्यावर घ्यायचं. हे जड काम होतं, पण तेवढ्यानं फरक पडला. हात पाऊण तासात थिरावू लागला. दादांनी हे पहिल्याच दिवशी ओळखलं. ते काही बोलले नाहीत. मात्र मी पायथ्याशी आलो की ते वरून ओरडायचे, “खांदा!” मी पोतं बदलायचो आणि चढायचो. पुढं ती सवयच झाली. ते ओरडल्याशिवाय मी बदलत नव्हतो.

त्या वर्षी क्लबचे सेक्रेटरी म्हणून एक तरुण इंजिनिअर आले. बदलून आलेले, मराठी बोलणारे, खेळ बेताचा. एकदा ते पाचलाच आले. मी टेबलावर होतो. मी काठी ठेवली. त्यांनी हातानंच चालू ठेव अशी खूण केली आणि उभे राहून पाहिलं. मग चाचांना विचारलं, “हा कोण?”

“टेबल उठाया सो हमाल, साहब.”

“चाचा, तुम्ही किती दिवस करणार आता?”

“आँखां गये, साहब. तुमी बोले तो कल बंद.”

चाचांची जागा मला द्यावी असं त्या इंजिनिअरच्या मनात आलं आणि त्यांनी ते तिथंच बोलून दाखवलं. पगारी नोकरी. सावलीतली. खडू, ब्रश, बनातीवर इस्त्री फिरवायची, साहेबांशी खेळायचं. मी घरी गेलो आणि कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त दादांना सांगितलं. ते पोत्यावर बसून भाकरी खात होते.

“म्हंजे पोतं सुटलं?”

“अजून नाही. क्लबच्या कमिटीतल्या एकांचा माणूस आहे सोलापूरचा. शनिवारी पाचला दोघांना खेळवून बघणार आहेत.”

“हात कसा हाय?”

मी हात पुढं केला.

“जरा हालतोय.”

“सकाळी नसतो हलत.”

“मग शनिवारी येऊ नगंस कामावर.”

शनिवारी न जाणं शक्य नव्हतं. ज्वारीचा हंगाम होता. पहाटेपासून गाड्या लागलेल्या होत्या आणि मुकादमानं कोणालाच सुट्टी दिली नव्हती. दादांनी त्यातल्या त्यात एक सोय केली. सकाळची पोती त्यांनी जास्त उचलली, मला खाली झाडलोटीला, सुतळी गुंडाळायला लावलं. पण दुपारनंतर गाड्या वाढल्या. मला खांदा द्यावाच लागला. मी डावा दिला.

तीनच्या सुमाराची गोष्ट. थप्पी बारा थर चढली होती. मी पोतं घेऊन पायथ्याशी आलो. दादा वरती पोतं टाकून वळत होते. ते ओरडले नाहीत. वरच्या थरावर एक पोतं फाटून ज्वारी सांडली होती आणि तिथला माणूस त्यांना काही सांगत होता, त्यात त्यांचं लक्ष होतं. आवाज आला नाही, पण मला माहीत होतं की पोतं डाव्यावर आहे. हे इथं स्पष्ट लिहिलं पाहिजे. मी विसरलो नव्हतो. त्या दिवशी पायथ्याशी दहा-बारा वेळा खांदा बदलला होता आणि प्रत्येक वेळी उजव्या दंडात कळ गेली होती. पाचला दोन तास होते. मी मनात म्हटलं, एकच खेप.

मी उजव्या कडेनं चढलो. पोतं डावीकडं, फळीच्या आत. दादा पायाखाली बघत, नेहमीच्या चालीनं, माझ्या डाव्या अंगानं उतरत होते. मध्यावर पोत्याचा कोपरा त्यांच्या छातीला लागला. धक्का मोठा नव्हता. ते मागं गेले, एक पाय फळीबाहेर पडला आणि ते पाठीवर खाली आले. खाली धान्याचा काटा होता. त्याची लोखंडी वजनं बाजूला रचलेली होती. त्यांच्यावर ते पडले.

माझं पोतं मी टाकलं नाही. ते तसंच वर नेऊन ठेवलं आणि मग उतरलो. असं का केलं ते सांगता येणार नाही. खांद्यावर पोतं असताना आधी ते जागेवर ठेवायचं, एवढंच शरीराला माहीत होतं.

टांग्यात आडवं घालून त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. ते शुद्धीवर होते. “पाय कुठं गेले रे माझे?” एवढं त्यांनी वाटेत दोनदा विचारलं. मी म्हणालो, आहेत. ते माझ्या मांडीवर होते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मुकादम आला. त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, “पोतं कुठल्या खांद्यावर होतं रे?”

मी तोंड उघडण्याच्या आधी खाटेवरून दादा म्हणाले, “उजव्या. म्या बघितलं की. माझाच पाय घसरला. ज्वारी सांडली व्हती वर.”

मुकादमानं माझ्या दोन्ही खांद्यांकडं बघितलं. मग म्हणाला, “बरं.”

दादांनी मला जवळ बोलावलं. “किती वाजलं?”

“साडेचार.”

“मग हितं काय करतोस? जा.”

मी गेलो.

पाण्याच्या टाकीवर हातपाय धुतले आणि पाचच्या आत क्लबमध्ये पोचलो. कमिटीचे चौघं होते. सोलापूरचा माणूस आला होता. स्वच्छ कपडे, स्वतःची काठी, खेळ चांगला. मी त्या दिवशी जसा खेळलो तसा आधी किंवा नंतर कधी खेळलो नाही. एका पाळीत एकतीस गुण झाले. चाचा प्रत्येक गुण पुकारत होते आणि शेवटी शेवटी त्यांचा आवाज चढला होता. माझा हात हलला नाही. तो पाऊण तासात थिरावतो हे मला माहीत होतं आणि तीन वाजल्यापासून मी एकही पोतं उचललं नव्हतं.

“पहिल्या तारखेपासून ये,” इंजिनिअर म्हणाले.

चाचांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. “बेटे, आज बाजारसे हात साथ लाया तू.”

घरी जाताना मी दवाखान्यावरून गेलो, आत गेलो नाही.

सोमवारी कामावर गेलो तेव्हा मुकादमानं काही विचारलं नाही. दादांची पोती माझ्या नावावर लावली. ते बरोबरच होतं. दोघांची मिळून जेवढी पोती, तेवढी मी वाहायची. पहाटे आधी जायचं आणि सगळे गेल्यावर थांबायचं. मला वाटलं, महिन्याभराचा प्रश्न आहे. मी इंजिनिअरांना जाऊन भेटलो. झालेलं सांगितलं, फळीवरचं सोडून. ते म्हणाले, “एक महिना चाचांना थांबवतो. त्यापुढं मला कमिटीला सांगता येणार नाही.”

दादांना सोलापूरला नेऊन आणलं. तिथल्या डॉक्टरांनी पाठीचा मणका सांगितला. कमरेखाली काही यायचं नाही, असं त्यांनी दादांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना सांगितलं. वहिनींना ते नीट समजलं नाही, म्हणून त्यांनी परतीच्या एस्टीत मला पुन्हा विचारलं. त्यांना समजेल असं सांगायचं काम माझ्याकडं आलं. मागच्या बाकावर दादा फळकुटावर आडवे होते. गाडीत तुळजापूरला उतरणारे नवसाचे लोक होते. कुंकू, परड्या, लहान मुलं. मी खिडकीबाहेर बघून हळू आवाजात सांगितलं. वहिनी म्हणाल्या, “मग आता?”

उस्मानाबादला उतरल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “भावजी, तुमी हाय म्हणून चूल हाय.”

महिना संपायच्या आदल्या दिवशी दादांनी विषय काढला. “तू जा क्लबात. म्या सांगतो मुकादमाला.”

“मग तुमचं नाव जाईल.”

“जाऊ दे की. कवातरी जायचंच.”

“पोरं?”

त्यांनी तोंड दाराकडं फिरवलं. दुसऱ्या दिवशी मी क्लबमध्ये गेलोच नाही. निरोपही दिला नाही. सोलापूरच्या माणसाला जागा मिळाली. चाचा मुलीकडं हैदराबादला गेले. जाण्याआधी ते काठी टेकत बाजारात आले होते, असं मला नंतर टोळीनं सांगितलं. मी तेव्हा थप्पीवर होतो. कोणीतरी त्यांना खालूनच सांगितलं की मी कामात आहे.

मी राहिलो यात चांगुलपणा किती होता, हे मी पुष्कळदा तपासलं. गेलो असतो तर दादांनी खरं सांगितलं असतं का, हा विचार त्या महिन्यात रोज मनात येत होता. त्यांनी सांगितलं नसतं, असं आज वाटतं. तेव्हा खात्री नव्हती. वहिनींच्या त्या वाक्यानंतर मी राहिलो, असं लोक समजत. मी ते खोडून काढलं नाही.

दोघांची पोती मी पाच वर्षं वाहिली. सगळी उजव्या खांद्यावर. गाडीपासूनसुद्धा. पहिल्या वर्षाअखेर थरथर पाऊण तासावरून रात्रीच्या जेवणापर्यंत गेली. दुसऱ्या वर्षी ती सकाळीही दिसायला लागली. एकदा नव्या मार्करनं मला रस्त्यात ओळखलं आणि आग्रह करून आत नेलं. माणूस चांगला होता. त्यानं चेंडू मांडून दिले. मी काठी धरली, वाकलो आणि टोकाकडं बघितलं. ते चेंडूच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत हलत होतं. मी मारलंच नाही. पाणी पिऊन बाहेर आलो. त्यानं टेबलाच्या एका कोपऱ्याकडं बोट दाखवून सांगितलं की इथं चेंडू थोडा सरकतो. मी पाहिलं. पाचर दबली होती. पाठ लावायला कोणी नव्हतं.

दादांना यातलं मी काही सांगितलं नाही. काम संपलं की घरी जाताना मी त्यांच्याकडं थांबायचो. ते खाटेवर असत, दारातून रस्ता दिसेल अशा बेतानं. मी आलो की पहिला प्रश्न ठरलेला असे.

“काय सायेब, आज किती?”

जागा गेली हे त्यांना माहीत होतं. पण संध्याकाळी थोडा वेळ तरी मी टेबलावर जातो, असं त्यांना वाटत होतं. म्हणजे मी तसं सांगितलं होतं. मग मी सांगायचो. आज चौदा. आज लाल दोनदा घातला. आज इंजिनिअर हरले. ते खुश व्हायचे, कधी सल्ला द्यायचे.

“त्या सायबाला एकांदा डाव जिंकू देत जा. बदली करंल न्हायतर.”

“माझी कुठं बदली करणार?”

“ते बी खरं. पोत्याला बदली नसती.”

ज्या दिवशी मी फार थकलेला असे त्या दिवशी गुण कमी सांगत असे, म्हणजे खरं वाटावं. पुढं मी सोलापुरात एका दैनिकाच्या छापखान्यात लागलो आणि तिथून बातमीदारीत गेलो. त्या कामात न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून मी लिहिली नाही. पण बातमी बेताची ठेवली की लोक विश्वास ठेवतात, हे मी त्या खाटेशी शिकलो होतो.

पाचव्या वर्षी दादा पाठीच्या जखमांनी गेले. थोरला मुलगा तोवर टोळीत यायच्या वयाचा झाला होता. त्यानं तेरखेड्याचा रस्ता धरला, दारूकामाकडं. मी हमाली सोडली. सोडायला नको होती असं कोणी म्हणालं नाही आणि सोडून काय मिळालं असंही कोणी विचारलं नाही.

ते जायच्या आधीच्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ नोंदवायची राहिली.

मी नेहमीप्रमाणं थांबलो होतो. वहिनी विहिरीवर गेल्या होत्या. दादांनी बिडी मागितली. मी त्यांच्या ओठात बिडी दिली आणि काडी ओढली. ज्योत बिडीपर्यंत पोचेना. विझली. दुसरी ओढली. तीही विझली. तिसऱ्या काडीच्या वेळी त्यांनी माझं मनगट धरलं. काडी काढून घेतली आणि बिडी स्वतः पेटवली.

“आज किती म्हनलास?”

“अठरा.”

त्यांनी दोन झुरके घेतले. मनगट सोडलं नव्हतं. त्यांच्या पकडीतसुद्धा हात हलत होता.

“कवापासनं हाय हे?”

“तीन वर्षं झाली.”

“अन् म्या रोज इचारत व्हतो.”

रस्त्यावरून कडब्याची एक गाडी गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत ते तिकडं बघत होते.

“उजव्यावर घेतोस न्हवं?”

“व्हय.”

“फळीवर बी?”

“सगळीकडं.”

त्यांनी मनगट सोडलं. आवाजात राग नव्हता. कामातली एक सोपी गोष्ट नवख्याला सांगावी तसं ते म्हणाले, “आता डाव्यावर घेतलंस तरी चालंल की. समोरनं उतरणारं कोण हाय आता?”

दुसऱ्या दिवशी पहाटे गाड्या लागल्या होत्या. पहिलं पोतं मी उजव्या खांद्यावर घेतलं.